मुठीतलं घड्याळ

मामांना मामा म्हणायला सुरुवात कुणी केली, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. सख्खी भाची त्यांना एकच. पण वृद्धाश्रमातले बापाच्या वयाचे म्हातारेसुद्धा त्यांना मामा म्हणत, आणि मामाही "काय भाचेबुवा, आज डोक्यावरून की नुसती खांद्यावरून?" असं विचारून कामाला लागत. काम म्हणजे म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं. हे काही फार मोठं काम आहे असं ज्याला वाटत नाही, त्याने एकदा एखाद्या कण्हणाऱ्या, घाबरलेल्या, अंगावर कपडा नाही म्हणून लाजेने अर्धमेल्या झालेल्या माणसाच्या पाठीला साबण लावून बघावा. दोन दिवसांत नाकी नऊ येतात. मामांनी ते वीसेक वर्षं केलं आणि त्यांच्या हातून कधी कुणाचा पाय घसरला नाही.

त्यांच्या रीती ठरलेल्या होत्या. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायचं. मग म्हाताऱ्याच्या पायांवर, मग गुडघ्यांवर, असं हळूहळू वर जायचं. कमरेचा पंचा शेवटपर्यंत सोडायचा नाही. आणि तोंड बंद ठेवायचं नाही. "झालंच, झालंच," हे त्यांचं पालुपद. पहिला मग ओतल्यापासून अंग कोरडं होईपर्यंत ते किती वेळा 'झालंच' म्हणत त्याला गणती नव्हती. झालेलं काहीच नसायचं, पण ऐकणाऱ्याला धीर यायचा.

अशाच एका सकाळी बादली भरता भरता मामांचा उजवा हात लोंबायला लागला, तोंड एका बाजूला गेलं आणि ते न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसले ते बसलेच. अर्धांगवायू. दवाखान्यातून परत आले ते चाकांच्या खुर्चीत. राहायची जागा म्हणजे बॉयलरमागची खोली, ती नव्या माणसाला द्यावी लागणार होती. भाचीचं घर दोन खोल्यांचं, त्यात तिची सासू अंथरुणाला खिळलेली. ती बिचारी तरी काय करणार? डोळे पुसत म्हणाली, "मामा, तुम्ही इथेच बरे. इथे सगळे ओळखीचे आहेत." आश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी पुरुषांच्या हॉलमध्ये खाट दिली, आणि ज्यांना आजवर न्हाऊ-माखू घातलं त्यांच्याच रांगेत मामा जाऊन पडले.

उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. म्हणजे पुरती नाही. सगळे शब्द पळाले आणि एक तेवढा मागे राहिला. भूक लागली तरी 'झालंच', लघवीला जायचं असलं तरी 'झालंच', भाची भेटून निघाली तरी 'झालंच'. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघोट्या उमटल्या. काय म्हणायचंय ते मामांना लख्ख ठाऊक असायचं. ते बाहेर येत नव्हतं, एवढंच. आणि हे एवढंच फार असतं.

शेजारच्या खाटेवर घड्याळजी होते. जिन्याखालच्या एका काचेच्या खोक्यात बसून ह्या माणसाने उभं आयुष्य घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग लावण्याची सवय इतकी मुरलेली, की कुणाशी बोलताना अजूनही डावा डोळा बारीक व्हायचा. बाकी सगळं ते विसरले होते. मुलीला ओळखत नव्हते, जेवलो की नाही ते आठवत नव्हतं, घर कुठे होतं ते माहीत नव्हतं. पण एक घड्याळ त्यांच्याकडे राहिलं होतं. ते उजव्या मुठीत असायचं. मूठ कायम मिटलेली. मधूनच ती कानाशी नेऊन ते ऐकत आणि गंभीरपणे सांगत, "मागे पडतंय."

मुठीत काही नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आता ज्याच्या हातात उघडं घड्याळ आहे, त्याच्या जवळपास पाणी आणायचं नसतं. दुकानात कुणी पाण्याचा पेला घेऊन आलं तरी बाबा अंगावर धावून जायचे, असं त्यांची मुलगी सांगायची. आणि इथे लोक त्यांना धरून, कपडे उतरवून, त्या घड्याळावर बादलीच्या बादली ओतायला निघालेले! घड्याळजी कोपर मारत, चावत, बोंब ठोकत. सगळ्यांना वाटायचं म्हातारा पाण्याला भितो. भीत नव्हता तो. स्वतःच्या अंगावर पाणी पडण्याचं त्याला काही नव्हतं. ही गोष्ट ह्या घरात एकट्या मामांना कळली होती, आणि कळली तीही अगदी सहज. मामा धडधाकट असताना एकदा आंघोळीआधी त्यांनी घड्याळजींपुढे हात पसरला आणि म्हणाले, "द्या इकडे, मी ठेवतो." घड्याळजींनी डावा डोळा बारीक करून मामांना नीट पारखलं आणि मूठ उघडली. मामांनी चिमटीने ते घड्याळ उचललं, खिडकीखालच्या फळीवर ठेवलं, वर एक स्टीलची वाटी पालथी घातली. "झाकलं हं." मग घड्याळजी एखाद्या गुणी बाळासारखे न्हाले. त्या दिवसापासून ती वाटी न्हाणीघरात कायमची राहिली. आंघोळ झाली की वाटी उचलायची आणि घड्याळ परत द्यायचं. घड्याळजी ते कानाला लावत, मान हलवत.

मोठ्या बाई विचारायच्या, "मामा, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत हे. तुमच्याकडून इतके गुमान कसे न्हातात?"

"हातगुण!" मामा म्हणायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण आपल्यावाचून कुणाचंतरी अडतंय, ह्याचं माणसाला फार सुख असतं. मामांना बायको नाही, पोर नाही, बॉयलरमागे एक खोली आणि खुंटीवर दोन सदरे. हे एवढं सुख त्यांनी जपून ठेवलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायचं तोंडच गेलं.

मामांच्या जागी आला तो पैलवान. धिप्पाड, हसतमुख, मनाने चांगला. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. पण मामांच्या वेळी पुरुषांच्या एका हॉलला एक माणूस होता, आणि आता दोन्ही हॉल मिळून हा एकटा. न्हाणीघरही नवं केलेलं. बादल्या, मग, स्टूल, सगळं भंगारात गेलं, त्याबरोबर ती वाटीही गेली. भिंतीला रबरी नळीचा फवारा आला आणि मधोमध भोक असलेली चाकांची खुर्ची आली. सकाळी म्हाताऱ्यांची रांग लागायची, पुढचा फवाऱ्याखाली, मागचा पंचा गुंडाळून कुडकुडत. मामांचा नंबर लागला की पैलवान म्हणायचा, "चला गुरुजी!" आणि डोक्यावरून सरळ पाण्याची धार सोडायचा. मामा दचकायचे. आधी पायांवर, अरे आधी पायांवर, असं म्हणायला जायचे. "झालंच," म्हणायचे.

"हो हो, झालंच," पैलवान म्हणायचा.

घड्याळजींशी मात्र पैलवानाचं रोज युद्ध. मूठ घाण असते म्हणून तो ती बळेच उघडायचा, एकेक बोट उकलून आत साबण घालायचा. त्या वेळी घड्याळजी जे ओरडत ते मामांना हॉलमध्ये ऐकू यायचं. एकदा घड्याळजींनी पैलवानाच्या दंडाचा लचका तोडला. एकदा नर्सच्या ओठावर कोपर बसलं, दात हलला. मग मोठ्या बाईंनी हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, "हे असं नाही चालायचं. दिवाळी होऊ दे. नंतर ह्यांना वर हलवते."

वर म्हणजे वरचा मजला. तिथे दाराला बाहेरून कडी, खाटांना कठडे, हातांना मऊ पट्टे. तिथे माणसांना आंघोळ घालत नाहीत, पुसून काढतात. लिफ्टने वर गेलेलं माणूस पुन्हा पायांनी खाली आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. हे मामांना इतरांपेक्षा जास्त माहीत होतं, कारण पुष्कळांची वर जायच्या आधीची शेवटची आंघोळ त्यांनीच घातली होती.

मामांनी पैलवानाला सांगायची धडपड केली. त्याचा शर्ट धरून त्याला थांबवलं, स्वतःची लुळी मूठ डाव्या हाताने उघडली, त्यातून चिमटीने काहीतरी उचललं, खाटेशेजारच्या कपाटावर ठेवलं, वर पेला पालथा घातला. पैलवानाने नीट बघितलं. "गोळी राहिली घ्यायची?" असं विचारून तो नर्सकडून गोळी घेऊन आला. मामांनी पुन्हा तेच केलं. नर्सला वाटलं ह्यांचं काहीतरी हरवलंय. तिने पेल्याखाली बघितलं, गादीखाली बघितलं, खाटेखाली वाकून बघितलं. शेवटी मोठ्या बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, मामांच्या डोक्यावरही परिणाम व्हायला लागलाय. मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

घड्याळजी तेवढे त्यांच्याशी बोलायचे. "झालं का हो तुमच्या हातातलं काम?" असं विचारायचे. मामा म्हणायचे, "झालंच." मग घड्याळजी समाधानाने मान हलवायचे. धंद्यातला माणूस दिसतो, असं त्यांना वाटत असावं.

दिवाळी आली.

ह्या आश्रमातली दिवाळी म्हणजे आवाज नाही, धूर नाही. ऑक्सिजनची नळकांडी खाटांना लागून, त्यामुळे काडी ओढायचीच सोय नव्हती. दारात बॅटरीवरच्या पणत्या, बस. पूर्वी बाहेरची माणसं यायची. फळं वाटायची, म्हाताऱ्यांच्या हातात फळ देऊन फोटो काढायची, आणि फोटो नीट नाही आला तर फळ परत घेऊन पुन्हा द्यायची. मोठ्या बाईंनी एका वर्षी त्यांना हात जोडले आणि दिवाळीत दार लावून घ्यायला सुरुवात केली. बाई कडक, पण ह्या एका गोष्टीसाठी त्यांना शंभर गुन्हे माफ. तेव्हापासून घरातली रीत अशी, की दिवाळीच्या आदल्या दिवशी चहानंतर सगळ्यांनी मोठ्या खोलीत जमायचं आणि प्रत्येकाने आपल्याजवळचं काहीतरी दुसऱ्याला द्यायचं. विकत आणलेलं चालायचं नाही, आपल्याजवळचं हवं. ज्याच्याकडे वस्तू नाही त्याने दुसरं काही द्यावं. कुणी आपली खिडकीजवळची खुर्ची पुढच्या दिवाळीपर्यंत देऊन टाकायचा. कुणी आपला रेडिओ. एका आजीने शेजारणीला 'तू घोरतेस ते मी वर्षभर बोलून दाखवणार नाही' असं दिलं होतं आणि ते पाळलंही होतं. एका आजोबांनी तर उत्साहाच्या भरात आपली कवळी काढून पुढे केली. त्यांना ती परत बसवायला लावली.

त्या वर्षी शिवणबाई उठल्या. ह्या मूळच्या शिवणकाम करणाऱ्या, आता डोळे गेलेले, पण ट्रंकेत काय कुठे आहे ते हाताला पाठ. ब्लाउजच्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली एक बाटली घेऊन त्या चाचपडत मामांपाशी आल्या. सुगंधी तेल. कधीतरी भावाने आणून दिलेलं, चांगल्या दिवसासाठी म्हणून ठेवून ठेवून तसंच राहिलेलं.

"मामा, हे तुम्हाला. हाताला चोळून घेत जा. येईल हातात जोर," त्या म्हणाल्या.

मामांनी बाटली मांडीवर धरली. मग त्यांची पाळी आली. ह्यांच्याकडे द्यायला काय असणार, म्हणून नर्स पुढच्या माणसाकडे वळणार, तोच मामांनी हात वर केला. आधी घड्याळजींकडे बोट दाखवलं. मग न्हाणीघराकडे. मग डाव्या हाताने, मनगट वळवून, हवेतल्या हवेत एक मग ओतला.

महिनोन्महिने ह्या माणसाचं एक अक्षर कुणाला कळलं नव्हतं, आणि हे अख्ख्या खोलीला कळलं. "आंघोळ! मामा आंघोळ घालणार!" कुणीतरी ओरडलं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिवणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मोठ्या बाईंनी हात वर करून गलका थांबवला. मग म्हणाल्या, "उद्यासाठी बादली आणि मग आत्ताच आणा बाहेरून. स्टूल माझ्या ऑफिसातलं घ्या. पैलवान, तू सोबत राहायचं. आणि मामा, तुमच्या हातून ते नीट न्हाले ना, तर वरचं मी रद्द करते. हा माझा शब्द. दिवाळीचं माझ्याकडून एवढंच."

त्या संध्याकाळी मामांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. पण कित्येक दिवसांनी ते भिंतीकडे तोंड न करता झोपले.

सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी शिवणबाईंनी बॅटरीची पणती आणून ठेवली होती. खिडकीतून उजाडतानाचा उजेड येत होता. वाफेने आरसा धुरकट झालेला. फवारा गुंडाळून खुंटीवर टाकलेला आणि खाली बादली, तिच्यात कढत पाणी, बाहेर नवाकोरा निळा मग. हे सगळं बघून मामांना भरून आलं. आपल्या राज्यात परत आल्यासारखं वाटलं त्यांना.

पैलवानाने घड्याळजींना स्टुलावर बसवलं. पाणी बघून त्यांची मूठ छातीशी गेली, डोळा बारीक झाला. पैलवान सवयीने त्यांचे खांदे धरायला पुढे झाला. मामांनी त्याचा हात बाजूला केला. चाकं फिरवून खुर्ची घड्याळजींच्या समोर आणली आणि डावा तळवा पसरला.

घड्याळजी बघत राहिले. मामांची ओळख त्यांना पटली की नाही, देव जाणे. पण तो हात तसा पसरायची रीत ओळखीची असावी. त्यांनी सावकाश मूठ उघडली.

मामांनी चिमटीने घड्याळ उचललं. त्यांनी ते पडू दिलं नाही. खिडकीखालच्या फळीवर ठेवलं. झाकायला वाटी शोधली. वाटी कुठली असायला? फळीवर साबण, खाली बादली, बादलीशेजारी मग. मामांनी मग उचलला आणि घड्याळावर पालथा घातला.

"झालंच," मामा म्हणाले.

"झाकलं ना नीट?" घड्याळजींनी विचारलं आणि हात मांडीवर सैल सोडले.

पैलवान तोंडाचा आ करून बघत होता. "आयला," तो म्हणाला, "हे सांगत होता होय तुम्ही मला! घड्याळ ठेवायचं ते!" मामा मान हलवत राहिले. हसत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कळलं, कळलं एकाला तरी. आता आपण उद्या मेलो तरी घड्याळजींचं अडायचं नाही. त्या आनंदात त्यांनी मांडीवर सोबत आणलेली शिवणबाईंची तेलाची बाटली उघडली. तेल ते आजवर कधी घड्याळजींना लावत नसत, कारण निसरडं माणूस सांभाळणं अवघड. पण दिवाळीची आंघोळ तेलावाचून कशी घालायची? आणि आज तर पैलवानासारखा सांड सोबतीला. मामांनी डाव्या हाताने छातीला, दंडांना तेल चोळलं, पैलवानाने पाठीला. खोलीभर वास सुटला. घड्याळजींनी डोळे मिटले आणि घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायला लागले. ते गुणगुणतात हे आजवर कुणाला माहीत नव्हतं.

"चला, आता पाणी," पैलवान म्हणाला. "पायांपासून ना, मामा? बघा, शिकलो की नाही."

तो खूश होता. मामांना खूश करायच्या घाईत होता. बादलीशी वाकला, निळा मग सापडेना. इकडे तिकडे बघितलं. तो फळीवर पालथा होता. पैलवानाने हात लांब करून तो उचलला.

घड्याळ उघडं पडलं होतं. आपण झाकायला मग घेतला, आणि मगाशिवाय पाणी कशाने घेणार, हे वीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. थांब, ठेव, ठेव तो परत! मामा जिवाच्या आकांताने ओरडले.

"झालंच! झालंच!"

"हो मामा, झालंच," असं म्हणून पैलवानाने मग बादलीत बुडवला, काठोकाठ भरला आणि वर घेतला. मगातून हिंदकळलेलं पाणी फळीवर पडलं.

घड्याळजींचे डोळे उघडले. त्यांनी फळीकडे बघितलं. मग जी किंकाळी फोडली ती दोन्ही हॉलना ऐकू गेली. ते उठून फळीकडे झेपावले. पैलवानाने मग टाकून त्यांचा दंड पकडला, चांगला घट्ट पकडला, पण तेलाने माखलेला दंड त्याच्या पंजातून सुळकन निघाला. स्टूल कलंडलं. घड्याळजी एका कुशीवर फरशीवर आपटले आणि काहीतरी मोडल्याचा आवाज झाला.

पडल्या पडल्याही त्यांचा हात फळीच्या दिशेने वर होता. "पुसा," ते म्हणत होते. "आधी ते पुसा. पुसा लवकर."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ॲम्ब्युलन्स आली, घड्याळजींना घेऊन गेली. पणत्या कुणी बंद केल्या नाहीत, त्या दिवसभर दारात मिचमिचत राहिल्या. मोठ्या बाई पैलवानाला नको नको ते बोलल्या. "तेल कुणाला विचारून लावलं? अक्कल गहाण ठेवली होती का?" पैलवान मान खाली घालून ऐकत होता. घड्याळाचं त्याने सांगून बघितलं, पण मोठ्या बाई तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या, आणि खरं तर त्यालाही वाटत होतं की घात तेलानेच केला. सगळ्या घराला तसंच वाटत होतं. शिवणबाई तर स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होत्या. "माझ्या मेलीच्या बाटलीने केलं सगळं. कशाला दिली मी? कशाला दिली?"

मामा खुर्ची ढकलत त्यांच्यापाशी गेले. बाई, तुमचं तेल नव्हे, मी झाकायला मग घेतला. चूक माझी आहे, एकट्याची, आणि ती चूक काय होती हे समजणारं दुसरं माणूस ह्या जगात नाही. एवढं सगळं त्यांना सांगायचं होतं. त्यांनी शिवणबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "झालंच. झालंच."

"हो मामा, झालं ते झालं," शिवणबाई हुंदके देत म्हणाल्या. "तुम्ही कशाला स्वतःला त्रास करून घेता? तुम्ही तर देवमाणूस." मामांनी त्यांचा हात सोडला.

दवाखान्यातून घड्याळजींना आणलं ते मागच्या दाराने, लिफ्टने थेट वर. मुलगी येऊन, तासभर बसून गेली. खाली त्यांच्या खाटेवर दुसरं कुणी आलं. मामा रोज लिफ्टच्या दारापाशी खुर्ची नेऊन थांबत. लिफ्ट उघडली की आत बघत, बंद झाली की परत फिरत. शेवटी पैलवानालाच राहवलं नाही. एका दुपारी हातातलं काम टाकून तो म्हणाला, "चला मामा, वर जाऊन येऊ. कोण काय म्हणतंय ते बघतो मी."

वर औषधाचा आणि कोंडलेल्या कपड्यांचा वास होता. खाटांच्या रांगेच्या टोकाला घड्याळजी उताणे पडलेले, छताकडे डोळे लावून. दोन्ही डोळे सारखेच उघडे. हातांना पट्टे नव्हते. पट्ट्यांची गरजच नव्हती. उजवा हात चादरीवर होता आणि मूठ उघडी होती. आजवर मामांनी मागितल्याशिवाय कधी न उघडलेली मूठ, आता तळवा वर करून नुसती पडली होती.

मामांनी खुर्ची खाटेला भिडवली. सदऱ्याच्या खिशात डावा हात घातला, चिमटीत धरून काहीतरी बाहेर काढलं, आणि त्या तळव्यावर अलगद ठेवलं. मग एकेक बोट वळवून मूठ मिटवली. हात काढला, तशी बोटं आपोआप पुन्हा उघडली. मामांनी ती परत मिटवली. परत उघडली. पैलवान खिडकीतून बाहेर बघायला लागला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची आया पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन आली. "व्हा जरा मागे," म्हणाली. तिने फडकं नीट पिळलंही नाही. ओलंगच्च फडकं घड्याळजींच्या तोंडावरून, गळ्यावरून, दंडावरून फिरवलं. मामा घड्याळजींच्या तोंडाकडे बघत राहिले. आता चावतील, आता कोपर मारतील, आता बोंब ठोकतील. मारा हो, मारा एकदा. आयाने त्यांच्या हातावर फडकं पिळलं. पाण्याची धार तळव्यावर पडली आणि खोलगट भागात पाणी साचून राहिलं. घड्याळजी छताकडे बघत होते.

"ह्या आजोबांचा काही त्रास नाही बघा," आया कौतुकाने म्हणाली. "गुमान पुसून घेतात."

ती पुढच्या खाटेकडे गेली. मामा तिथेच बसून होते. थोड्या वेळाने त्यांनी चादरीचं टोक ओढलं आणि घड्याळजींच्या तळव्यातलं पाणी टिपून घेतलं.